हजेरीतलं नाव

१

घर बघायचं ते लग्नाच्या मुलासारखं, असं माझं मत. रंगरूप नंतर, आधी खोड काय ते विचारा. म्हणून मी यादीच केली होती. पेणच्या आमच्या भाड्याच्या घरात ती फ्रिजच्या दारावर चिकटवलेली असायची आणि माझा नवरा विशाल येता-जाता तिला हात जोडायचा. "देवी, प्रसन्न हो," म्हणायचा. चेष्टेखोर माणूस.

पण त्या यादीला कारण होतं. विशाल रोज पेणहून रोह्याच्या कंपनीत बाइकने जायचा. महामार्गाचं काम आमच्या लग्नाच्या आधीपासून चाललेलं, आणि फेब्रुवारीत कासूच्या पुढे खडीवरून त्याची गाडी घसरली. मागून ट्रक येत होता. वाचला तो केवळ नशिबाने. त्या दिवशी दवाखान्यात त्याच्या कोपराचे टाके बघत मी म्हटलं, आता पुरे. बापाला कंपनी जवळ, लेकीला शाळा जवळ, असं घर बघायचं आणि जूनच्या आत तिथे राहायला जायचं. आमची सावनी सहा वर्षांची, पहिलीत जाणार होती.

तीन रविवार फिरलो. नागोठण्याचं घर छान होतं, पण जिन्याखालच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ होती, माझ्या खांद्याइतकी. बाद. रोह्याच्या बाजारपेठेत एक पाहिलं, त्याच्या खाली दिवसभर वेल्डिंग. तेही बाद. मग वरसेला ही नवी इमारत मिळाली. दुसरा मजला, दोन बेडरूम, शाळा चालत दहा मिनिटं, कंपनीची बस कोपऱ्यावर, स्टेशनला रिक्षा. आवारात घसरगुंडी. यादीतल्या अकराच्या अकरा गोष्टींवर बरोबरची खूण झाली. मला रडू यायचंच काय ते बाकी होतं.

सासूबाई आमच्याबरोबर होत्या. वत्सलाबाई म्हणजे कासूच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या, कडक बाई. त्यांचा एक नेम आहे. कुठल्याही परक्या जागेतून निघताना लहान मुलाला नाव घेऊन हाक मारायची. "सावनी, चल गो घरी." लग्नाचा हॉल असो, दवाखाना असो, मूल अगदी कडेवर असलं तरी मारायची. का, म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "मारायची असते."

त्या दिवशी सावनी विशालच्या खांद्यावर गाढ झोपली होती. आम्ही दारात चपला घालत होतो. सासूबाई म्हणाल्या, "मनस्वी, हाक मार गो पोरीला."

मी दमले होते आणि खुशीतही होते. शिवाय नऊ वर्षं पेणला मुलांना विज्ञान शिकवलेलं, अंगात तो एक माज असतोच. मी त्या रिकाम्या फ्लॅटकडे तोंड केलं आणि एसटीच्या कंडक्टरसारखी ओरडले, "चला हो, चला! सगळी चला आमच्या घरी. कोणी मागे राहू नका!"

विशाल इतका हसला की सावनी जागी झाली. सासूबाई हसल्या नाहीत. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाल्या, "नाव घ्यायचं असतं गो. नुसतं चला म्हणायचं नसतं."

"बरं, पुढच्या वेळी," मी म्हटलं. आठवलं की अजून जीभ उपटून टाकावीशी वाटते.

२

मे संपता संपता आम्ही राहायला आलो. नव्या रंगाचा वास, लिफ्ट अजून बंद, चौदा फ्लॅटपैकी पाचच भरलेले. जिन्यात साधं खोकलं तरी वरच्या मजल्यापर्यंत घुमायचं. मला त्याचंही कौतुक. नवं घर म्हणजे असंच असायचं, म्हणत होते मी.

भांड्यांना चिमा यायला लागली. खालच्या वाडीतली, तिशीची, कामाला वाघीण. पहिल्याच दिवशी ओट्यावरून मान वळवून म्हणाली, "बाय, दोनी पोरींचं दूध येकदमच तापवू ना?"

"दोन कुठल्या आणल्यास? एकच आहे मला."

तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे सावनी पलंगावर उड्या मारत होती, स्प्रिंगांचा आवाज येत होता. "हां," चिमा म्हणाली. "येकच व्हय." आणि छोटे पेले दोन घासून पालथे घातले.

दुसऱ्या दिवशी परत दोन. तिसऱ्या दिवशी परत दोन. मी म्हटलं, "चिमाबाई, तुम्ही मला आणखी एक पोर चिकटवणार बहुतेक." तर ती लाजली. "ध्यानातच राहत नाय बघा. कायतरी व्हतं माजं." तिचीही चूक नाही, मी मनाशी म्हटलं. तिला स्वतःला दोन मुली. हाताला सवय असते.

मग शाळा सुरू झाली आणि बूट आले. सावनीचे नवे काळे बूट, कडक तळव्याचे. जिना चढताना टाप टाप वाजायचे. एका संध्याकाळी ती खेळून आली, दार लावलं, बूट एकीकडे आणि मोजे दुसरीकडे फेकले, बाथरूममध्ये गेली. मी तिचे पाय धुऊन दिले, टॉवेलने पुसले. तेव्हा जिन्यात बूट वाजत होते. टाप, टाप. सावकाश, एकेक पायरी. आमच्या मजल्यावर आले आणि दाराशी थांबले.

मी दार उघडलं. कोणी नाही. खालपर्यंत डोकावले, वरपर्यंत डोकावले. चिटपाखरूही नाही.

आवाज भिंतीवर आदळून परत येतो, हे मीच शिकवलंय की मुलांना. पण तो लगेच येतो. पाय धुऊन पुसून होईपर्यंत थांबत नाही. मी दार लावलं, कडी घातली, आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी राहायला आलं असेल असं ठरवून टाकलं. ठरवलं की बरं वाटतं माणसाला.

३

पहिला आठवडाभर मी स्वतः सावनीला चालत शाळेत सोडलं. मग व्हॅन लावली. व्हॅनवाला दिनेश, रोह्याचाच, तोंडात सतत बडीशेप, पण गाडी जपून चालवणारा. दहा दिवस झाले असतील. सकाळी सावनी गाडीत चढली आणि दिनेश काच खाली करून म्हणाला, "मॅडम, दोघींना येकाच सीटवर बसवतो हां. बारक्या हायत, मावतात. नायतर पुढच्या स्टॉपच्या पोरांना जागा होत नाय."

"कुठल्या दोघी?"

"आपल्याच की. सावनी आन् धाकटी."

सकाळची घाई, गॅसवर भाजी, त्यात हे. माझं डोकंच फिरलं. "अहो दिनेशभाऊ, शुद्धीवर आहात ना? कसली धाकटी? मला एक मुलगी आहे, एक! लहान मुलांची गाडी चालवता आणि गाडीत किती मुलं आहेत ते ठाऊक नाही?"

तो बावचळला. मागे वळून बघितलं त्याने. बराच वेळ बघितलं. मग बडीशेप चावायची थांबवून म्हणाला, "नाय, नाय. माजीच चूक झाली असंल." आणि गाडी सुरू केली. माझ्याकडे परत बघितलं नाही.

गाडी वळणावरून गेली तरी मी गेटात उभी. चिमा म्हणाली तर सोडून दिलं. पण या दोघांची एकमेकांशी ओळखसुद्धा नव्हती.

दुपारी सावनीला जवळ घेऊन विचारलं, "बाळा, गाडीत तुझ्याशेजारी कोण बसतं?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "मी खिडकीत असते." आणि पोळीचा लाडू खात राहिली. पोर कधी खोटं बोलत नाही आमची. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मग माझ्या लक्षात आलं की ती सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती. तीन माणसांचा सोफा, आणि ती कडेला, अंग चोरून.

४

जुलैच्या शेवटी शाळेत पालकसभा होती. सावनीच्या वर्गाच्या किमया मिस, चोवीस-पंचवीस वर्षांची हसरी पोरगी. भिंतीवर मुलांच्या पंजांचे ठसे लावले होते, रंगात हात बुडवून उमटवलेले. प्रत्येक ठशाखाली नाव. मी सावनीचा शोधला. निळा, छोटासा. अंगठा जरा बाहेर फाकलेला, विशालसारखा.

त्याच्या शेजारी आणखी एक निळा ठसा होता. त्याच मापाचा. त्याच्या खाली नाव नव्हतं, नुसती पेन्सिलने आखलेली रेघ.

"हो, त्याचंच विचारायचं होतं तुम्हाला," मिस म्हणाल्या. "ती काही केल्या नाव सांगत नाही हो. विचारलं की खाली बघते. मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, दाखला नंतर आला तरी चालेल, पण हजेरीत नाव घ्या. काय नाव तिचं?"

"कोणाचं?"

"तुमच्या धाकटीचं."

बाई गं! बाकीचे पालक बाकांवर बसलेले, कोणी प्रगतिपुस्तक चाळतंय, कोणी मोबाइल. मी आवाज दाबून म्हटलं, "मिस, मला एकच मुलगी आहे. सावनी. तुमची काहीतरी गफलत होतेय."

त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "अहो, असं काय करता? पहिल्या आठवड्यात तुम्हीच तर सोडायला यायचात. दोघींचे हात धरून. मी गेटात उभी असायचे ना."

मी माझ्या हातांकडे बघितलं. उजव्या हाताने मी सावनीला धरायचे, रस्त्याच्या आतल्या बाजूला. डावा हात मोकळा असायचा. मोकळाच होता, मी शपथेवर सांगते. पण त्या आठवड्यात माझा डावा खांदा दुखत होता. रात्री बाम चोळून घेतला होता विशालकडून. सामान हलवून भरला असेल, असं आम्ही म्हणालो होतो.

"नाव सांगता ना?" मिसनी पेन उघडलं.

"नाही," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला ओळखू येईना. "नाही सांगणार."

५

विशालची त्या आठवड्यात रात्रपाळी. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "मनू, एवढंच ना? कुठल्यातरी दुसऱ्या मुलीचं नाव दाखल्यात अडकलं असेल. सकाळी आलो की शाळेत जाऊन झाडतो त्यांना." त्याच्या आवाजाने मला धीर आला. माझा नवरा असाच आहे, त्याच्यापाशी भीती टिकत नाही.

सकाळी साडेसातला तो आला. बूट काढले, पाणी प्यायला, आळस दिला आणि आतल्या खोलीकडे मान करून विचारलं, "दोघी उठल्या का गं?"

माझ्या हातातलं भांडं पडलं.

"काय म्हणालास तू?"

"सावनी उठली का, म्हटलं. काय झालं?"

"नाही. दोघी म्हणालास."

तो आईची शपथ घेऊन सांगायला लागला की मी सावनीच म्हणालो. खोटं बोलत नव्हता तो. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. तेच तर भयंकर होतं.

मी सासूबाईंना फोन केला. सावनीला त्या दिवशी शाळेत पाठवलं नाही. दहाच्या गाडीने सासूबाई कासूहून आल्या. एरवी आल्या की आधी नातीला हाका मारतात. त्या दिवशी उंबऱ्यातच थांबल्या. आतल्या खोलीत सावनी जमिनीवर चित्र काढत बसली होती. त्या खोलीकडे सासूबाईंनी बघितलं, आणि इतका वेळ बघितलं की मला राहवेना.

"आई, किती आहेत?"

त्या स्वयंपाकघरात येऊन उभ्या उभ्या पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "नाव दिलंस का?"

"कोणाला?"

"दिलंस का, ते सांग."

"नाही. शाळेत विचारत होते. नाही दिलं."

"देऊ नको."

"अहो पण आहे काय हे? कोण आहे? सांगा ना हो!" मी रडायलाच लागले.

"मला ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का गो?" त्याही रडवेल्या झाल्या. तीस वर्षं पोरांना दटावणारी ती बाई. "माझ्या सासूने सांगितलं, पोराला नावाने हाक मारून आणायचं. मी आणत आले. तिला मी का म्हणून विचारलं नाय. आज चल कासूला. ‘सगळी चला’ म्हणायचं नाय, पोरीला घे नि चल."

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "उद्या सावनीची घटक चाचणी आहे. शनिवारी येतो."

हसा. खुशाल हसा मला. चांगली शाळा, चांगली शाळा करत ज्या बाईने तीन गावं पालथी घातली, तिला चाचणी बुडवता येईना. भीतीने अर्धी झाले होते आणि तरी डोक्यात होतं की पहिलीच चाचणी, मिस काय म्हणतील. सासूबाई त्या घरात जेवल्याही नाहीत. पुढच्या गाडीने एकट्या परत गेल्या.

संध्याकाळी सावनीचा अभ्यास घेताना तिने विचारलं, "आई, नाव नसलं की शाळेतून काढून टाकतात?"

"कोण म्हणालं?"

"मिस परवा म्हणाल्या. नाव सांगितलं नाहीस तर हजेरीत घेणार नाही." मग पेन्सिल चावत म्हणाली, "मग रडायला येणारच ना कोणालाही."

"कोण रडत होतं, सावनी?"

"मला दिसत नाही ती. ऐकू येतं फक्त."

मी तिला छातीशी धरलं. घट्ट. आणि चाचणीची उजळणी पुरी केली. बे आठे सोळा.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला किमया मिसचा फोन आला. मागे शाळा सुटल्याचा गोंगाट.

"झालं बरं का तुमचं काम! सांगितलं नाव शेवटी."

"काय... काय सांगितलं?"

"अहो, दोघी मिळून मस्करी करतायत माझी. सावनी उभी राहिली आणि म्हणाली, मिस, हिचं नाव सावनी लिहा. मी म्हटलं, मग तुझं काय गं? तर म्हणते, मला नाही आता, मी तिला देऊन टाकलं. तिच्याकडे नव्हतं ना. एखाद्याकडे नसलं तर आपलं द्यावं, असं आई सांगते म्हणाली." मिस हसत होत्या. "छान वळण लावलंत हो."

"कुठे आहे ती?"

"आत्ताच बसल्या गाडीत."

विशाल रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपला होता. त्याला उठवायचंही सुचलं नाही. दार तसंच टाकून मी जिना उतरले आणि गेटात जाऊन उभी राहिले. इमारतीत शिरायचं तर माझ्या अंगावरूनच जावं लागेल, अशी उभी राहिले.

व्हॅन आली. दिनेशने उतरून सरकतं दार उघडलं, आपल्याशीच हसला आणि म्हणाला, "हां मॅडम, सावनी गेली बघा वर."

माझ्या शेजारून कोणी गेलं नव्हतं. पण मागे जिन्यात बूट वाजायला लागले. टाप, टाप, टाप. सावकाश नव्हे. घरी आलेल्या पोराचे असतात तसे, दोन दोन पायऱ्या घेत.

दिनेश दार लोटायला लागला. तेव्हा मला मागच्या सीटवर मुलगी दिसली. गणवेशातली. गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून बसलेली. दप्तर नाही, पाण्याची बाटली नाही.

"थांबा! आत मुलगी आहे!"

"कुठं मॅडम? गाडी रिकामी हाय." आणि तो दार लावतच होता हो! तिच्या हातावर दार लावत होता. मी त्याला ढकललं, आत वाकले. सावनी होती. माझी सावनी. घामाने कपाळाला चिकटलेले केस, हनुवटीवर पाळण्यावरून पडल्याची खूण. माझ्याकडे बघून ती अगदी हळू म्हणाली, "आई."

"सावनी!" मी म्हटलं.

समोरच्या पोरीची पापणीसुद्धा हलली नाही.

आणि जिन्यातून, वर दुसऱ्या मजल्यावरून, खणखणीत आवाज आला. "ओऽऽ आई! आले!"

माझ्या लेकीचा आवाज. असाच हेल काढते ती ओ देताना.

मी विचार केला नाही. जी समोर होती तिला उचलली, कडेवर घेतली आणि रस्त्याला धावत सुटले. रिक्षा मिळाली. स्टेशनवर मेमू गाडी लागलेलीच होती. तिकिटाच्या खिडकीवर कासूचं एक फुल, एक हाफ मागितलं. आतल्या माणसाने मान उंचावून माझ्या बाजूला बघितलं. "हाफ कोणाचं ताई?" तो म्हणाला.

"द्या हो तुम्ही!" मी किंचाळले. त्याने दिलं.

७

गाडीत मी तिला तपासलं. विज्ञान शिकवलंय ना मी. खूण होती. खालचा पुढचा दात पडलेला, तो पडलेलाच होता. केसांना सकाळी मी लावलेल्या तेलाचा वास. हाताला ऊब. वजन सावनीचं, माझा हात मुंग्या येऊन बधिर झाला इतकं. काही म्हणून कमी नव्हतं. मी तिला विचारलं, "बाळा, चाचणी कशी गेली?" ती माझ्याकडे बघत राहिली. घाबरलीय पोर, मी म्हटलं. कोण घाबरणार नाही?

"भूक लागली?" तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते गाडीच्या हलण्यात कळलं नाही.

नाव घेऊन हाक मारायचा मला धीर झाला नाही.

कासूला उतरून मी सासूबाईंच्या दारात पोचले तेव्हा ऊन होतं अजून. त्यांनी दार उघडलं. माझा अवतार बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग माझ्या मागे रस्त्यावर बघितलं, डावीकडे, उजवीकडे.

"सावनी कुठाय गो?"

"ही काय! आई, ही काय माझ्या कडेवर!"

त्यांनी हात पुढे केला. माझ्या कमरेपाशी आणला, जिथे तिचे बूट लोंबत होते, आणि विस्तवाला लागल्यासारखा मागे घेतला. भिंतीला टेकून खाली बसल्या त्या. पोरीने माझ्या मानेभोवतीचे हात आवळले. बिचारीला आजीसुद्धा ओळखत नाही, या विचाराने मला भडभडून आलं. नाव गेलं म्हणून माणूस जातं का? मी आहे ना तिला बघायला! असं काहीतरी मी मोठ्यामोठ्याने बोलत होते.

फोन वाजला. विशाल.

"अगं, आहेस कुठे?" तो ओरडलाच. "दार उघडं टाकून गेलीस! मी उठलो तर सावनी एकटी, खिडकीत उभी राहून रडतेय. तासभर झाला, थांबतच नाही."

"विशाल, तिच्याजवळ जाऊ नकोस. ती सावनी नाही. सावनी माझ्याजवळ आहे. तिने नाव देऊन टाकलं रे, म्हणून तुम्हाला कुणाला—"

"मनू." त्याचा आवाज एकदम खाली आला. माझा हसरा नवरा मला घाबरला होता. "मनू, माझ्या मांडीवर बसलीय ती. हनुवटीवरच्या खुणेवर माझा हात आहे. मला माझी पोर कळणार नाही का? घे, बोल तिच्याशी."

मी फोन ठेवणार होते. बोट लाल बटणावर होतं.

पलीकडे हुंदका आला. नाक ओढल्याचा आवाज आला. रडून दमली की तिला उचकी लागते, ती उचकी आली.

"आई, मला चाचणीत सगळं आलं," ती म्हणाली. "बे आठे सोळा पण आलं."

माझ्या कडेवरची पोर माझ्या मानेत तोंड खुपसून होती.

"तू हाक मारलीस ना, मी ओ दिली. मग मी खिडकीतून बघितलं. तू धावत गेलीस." परत उचकी. "आई, तू कोणाला घेऊन गेलीस?"